गड सगळ्यांचा, व्हिडिओ मात्र तुमचा

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात) : पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा २७ वर्षांचा तरुण सुटीच्या दिवशी गडकिल्ल्यांवर जाऊन व्हिडिओ करतो. त्याचं यूट्यूबवर छोटंसं चॅनेल आहे. राजगडावरच्या सूर्योदयाचा त्याचा व्हिडिओ एका वृत्तवाहिनीने किल्ल्यांवरच्या अर्ध्या तासाच्या खास कार्यक्रमात वापरला. जवळजवळ पाऊण मिनिट त्याचीच दृश्यं होती. कोपऱ्यातला त्याचा लोगो धूसर केलेला, त्याचं निवेदन आणि पार्श्वभूमीला लावलेलं लोकप्रिय शिवगीत काढून टाकलेलं आणि खाली पट्टी होती ‘सौजन्य : यूट्यूब’. आईने टीव्ही बघताबघता विचारलं, “हा तुझाच ना रे व्हिडिओ? मग तुझं नाव कुठेय?” वाहिनीला फोन केल्यावर तिथल्या माणसाने “तुमची प्रसिद्धीच झाली की!” असं म्हणत आणखी फुटेज पाठवायला सांगितलं, पुढच्या वेळी नाव देतो म्हणाला. मित्र म्हणतात, सोशल मीडियावर वाहिनीला धुऊन काढू. वडील म्हणतात, मोठ्यांशी वैर नको. वाचक लिहितो, “मला पैसे नकोत, फक्त नाव हवंय. पण गड महाराजांचा, सूर्य देवाचा. मी कोण त्यावर हक्क सांगणारा?”

प्रिय दुर्गमित्र,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमची खरी अडचण वाहिनीपेक्षा त्या वाक्यात जास्त आहे असं मला वाटतं. गड तुमचा नाही हे खरंच. राजगड तुमचा नाही, माझा नाही, त्या वाहिनीचाही नाही. पण तुम्ही गडावर हक्क सांगताच कुठे आहात? गुंजवण्यातून अंधारात चढाई सुरू करायची, चोर दरवाजाने पद्मावती माचीवर यायचं, तिथून सुवेळा माची गाठायची, नेढ्याजवळ, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकाजवळ, वारा सोसत तिपाई रोवायची आणि ढग खालच्या खोऱ्यातून वर यायची वाट बघायची, हे सगळं तुम्ही केलंत. कॅमेरा कुठे लावायचा, किती वेळ थांबायचं, कुठे तोडायचं हे तुम्ही ठरवलंत. या निवडीतून जो व्हिडिओ तयार झाला त्यावर तुमचा हक्क आहे. उद्या दुसऱ्या कोणी त्याच जागी उभं राहून स्वतःचं चित्रीकरण केलं तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. पण तुमचं चित्रीकरण उचलायचं असेल तर तुम्हाला विचारायला हवं.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही, कायदाच तसा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन चित्रीकरण केलं तो त्या चित्रफितीचा कर्ता. व्हिडिओ तयार झाला की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही. केली तर पुराव्याला बळ येतं, आणि चित्रफितीसाठी तिचं शुल्क ५,००० रुपये आहे. पण नोंदणी नाही म्हणून हक्क नाही असं कोणी सांगितलं तर ते चूक. प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं हा हक्क टिकतो. याच कायद्याचं कलम ५७ कर्त्याला ‘हे मी केलंय’ असं म्हणण्याचा वेगळा हक्क देतं, आणि मालकी दुसऱ्याला विकली तरी तो कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सहगलांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये भरपाईही दिली. तेव्हा ‘नाव हवंय’ ही हौस आहे, असं मनातून काढून टाका.

दुसरा समज तुम्ही स्पष्ट लिहिला नाहीत, पण ओळींमधून तो जाणवतो. एकदा नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं झालं, हा तो समज. घराचं दार उघडं ठेवलं म्हणजे आलेल्याने भांडी उचलून न्यावीत अशी मुभा दिली असं होत नाही. यूट्यूबच्या अटींनुसार तुम्ही यूट्यूबला तो व्हिडिओ दाखवण्याची परवानगी देता, आणि बाकीच्यांना यूट्यूबच्या सोयींमधून तो बघण्याची, शेअर करण्याची. उतरवून घेऊन, लोगो पुसून टीव्हीवर चालवण्याची परवानगी त्यात नाही.

इथे आधी एक गोष्ट तपासा. व्हिडिओ अपलोड करताना परवान्याच्या रकान्यात ‘स्टँडर्ड यूट्यूब लायसन्स’ आहे की ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’? घाईत दुसरा पर्याय निवडला गेला असेल, तर नाव देऊन कोणीही तो व्हिडिओ वापरू शकतं. मग तुमची तक्रार परवानगीची राहत नाही, फक्त नावाची राहते. ईमेल लिहिण्याआधी हे बघाच, कारण वाहिनीचा वकील सगळ्यात आधी तेच बघेल.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल या तिथल्याच छायाचित्रकाराने उद्ध्वस्त शहराचे फोटो ट्विटरशी जोडलेल्या ट्विटपिक या फोटो टाकण्याच्या सेवेवर टाकले. दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःच्या खात्यावर चढवले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते तिथून घेतले आणि जगभर पाठवले, तेही त्या दुसऱ्या माणसाच्या नावाने. मोरेलने हरकत घेतल्यावर वृत्तसंस्थाच आधी कोर्टात गेली. ट्विटरवर टाकलं म्हणजे परवाना मिळालाच, असा तिचा दावा होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ मध्ये तो फेटाळला, आणि त्याच वर्षाअखेरीस ज्यूरीने मोरेलला सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली. कायदा अमेरिकेचा, रक्कमही तिथली, आणि त्याला जवळपास चार वर्षं भांडावं लागलं. त्या आकड्यावर आशा बांधू नका. तुमच्या कामाचं त्यात इतकंच आहे की सोशल मीडियाच्या अटी म्हणजे वाहिन्यांना मिळालेलं आमंत्रण नव्हे, हे तिथे कसाला लागून ठरलं.

आता ‘पैसे नकोत, फक्त नाव’ याबद्दल. हे तुम्ही मनापासून म्हणताय की पैसे मागायला संकोच वाटतो म्हणून? दोन्ही उत्तरं चालतील, पण कोणतं आहे ते स्वतःला विचारा. आपल्याकडे छंदातून काम करणाऱ्याने पैशाचं नाव काढलं की त्याच्या प्रेमावरच शंका घेतात. म्हणून कितीतरी चांगली मुलं आधीच ‘पैसे नकोत हं’ म्हणून मोकळी होतात. त्या कार्यक्रमाच्या मधे जाहिराती होत्या. निवेदिकेला पगार आहे, एडिटरला आहे. पहाटे गडावर उभं राहणाऱ्यालाच तेवढं काही द्यायचं नाही, असं का? शिवाय नाव आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव दिलं म्हणजे न विचारता घेतल्याची भरपाई होत नाही, आणि पैसे दिले म्हणजे नाव गाळायची सूट मिळत नाही. तुम्हाला खरोखर नावच पुरेसं वाटत असेल तर तसं ठरवा, पण तुम्ही ठरवलं म्हणून. फोनवर कोणी ‘प्रसिद्धी झाली की’ म्हणालं म्हणून नको. ज्या पट्टीवर तुमचं नावच नव्हतं तिने तुमची प्रसिद्धी कशी केली, हे मला अजून कळलेलं नाही.

वाहिनीच्या बाजूचंही थोडं सांगते, कारण वृत्तवाहिनीच्या एडिटिंग रूममध्ये मी काही वर्षं काढली आहेत. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात राजगडही होता. अशा बातमीनंतर काय होतं? आउटपुट हेड, म्हणजे पडद्यावर काय जाणार ते ठरवणारा वरिष्ठ, म्हणतो, संध्याकाळी किल्ल्यांवर अर्धा तास करा. रनडाउनमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या प्रक्षेपणाच्या यादीत, कार्यक्रम चढतो, लायब्ररीत राजगडाची जुनी दोन दृश्यं सापडतात. डेस्कवरचा मुलगा यूट्यूबवर शोधतो, चांगलं दिसेल ते उतरवतो. एडिटरला कायमची सूचना असते की पडद्यावर दुसऱ्याचा लोगो दिसता कामा नये, म्हणून तो कोपरा धूसर करतो. ग्राफिक्सवाला विचारतो, पट्टीवर काय लिहू? वेळ नसतो. कोणीतरी ओरडून सांगतं, ‘सौजन्य यूट्यूब’ टाक. या साखळीत तुमचा अपमान करायला कोणी बसलेलं नसतं. पण लोगो पुसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमचं नाव होतं, ते तसंच पट्टीवर लिहायला अर्धा मिनिट लागलं असतं, आणि ते लिहिण्याची पद्धत घालून द्यायचं काम वरिष्ठांचं होतं. म्हणून तुमचा राग त्या डेस्कवरच्या मुलावर काढू नका, पण तक्रार मागेही घेऊ नका. तक्रार आली की मगच वरच्यांना सूचना बदलावी लागते.

कायद्यात वाहिनीच्या बाजूने एक तरतूद आहे. चालू घडामोडींचं वार्तांकन करताना, किंवा समीक्षा करताना, दुसऱ्याच्या कामाचा रास्त वापर करता येतो. वाहिनी तिचा आधार घेईल. कुठलीशी घटना तुमच्याच कॅमेऱ्यात सापडली असती आणि ती बातमीत दाखवली असती, तर त्यांची बाजू बरीच भक्कम होती. पण अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला देखणेपण यावं म्हणून पाऊण मिनिट सूर्योदय चालवणं वेगळं. ते वार्तांकन ठरतं की नाही हे शेवटी न्यायालयच सांगू शकेल. मला तुमची बाजू वजनदार वाटते. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. असा सेकंदांचा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. गंमत बघा, मे २०२५ मध्ये याच्या नेमका उलटा वाद देशभर गाजला. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या क्लिप वापरल्याबद्दल यूट्यूबरांच्या चॅनेलवर स्ट्राइक (कॉपीराइटभंगाबद्दल यूट्यूबकडून मिळणारी ताकीद) टाकले, आणि ते उठवण्यासाठी लाखो रुपये मागितल्याचा आरोप यूट्यूबरांनी केला. काही सेकंदांच्या दृश्यांवरचा हक्क बातमीच्या धंद्यातली माणसं किती गांभीर्याने घेतात, हे त्यातून दिसतं. तुमच्या दृश्यांना वेगळा न्याय असायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आज रात्रीच पुरावा जमवा. वाहिनीच्या यूट्यूब चॅनेलवर तो कार्यक्रम अजून असेल तर त्याची लिंक, तारीख आणि तुमची दृश्यं कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत आहेत ते लिहून काढा. स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा, कारण तुमचं ईमेल पोचल्यावर व्हिडिओ गायब होऊ शकतो. कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या मूळ, न कापलेल्या फाइल वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा. त्या फाइलवरची तारीख आणि तुम्ही न वापरलेली पुढची-मागची दृश्यं हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, ती दुसऱ्या कोणाकडेच असणार नाहीत.

मग ईमेल. फोनवर बोलणं आता थांबवा, फोनचा कागद होत नाही. संपादक, वाहिनीचा कायदा विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी अशा तिघांनाही ते जाऊ द्या. २०२१ पासूनच्या केबल टीव्ही नियमांनुसार प्रत्येक वाहिनीला असा अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा लागतो. ती व्यवस्था मुळात कार्यक्रमांच्या आशयासाठी आहे, कॉपीराइटचा निकाल तिथे लागणार नाही. पण तुमच्या म्हणण्याची तारखेसह नोंद होते. मजकूर साधा ठेवा. काहीसा असा :

“आपल्या अमुक तारखेच्या अमुक कार्यक्रमात अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत दाखवलेली दृश्यं मी चित्रित केलेली आहेत. मूळ व्हिडिओची लिंक सोबत आहे, मूळ फाइल माझ्याकडे आहेत. हा वापर माझ्या परवानगीशिवाय आणि माझं नाव वगळून झाला. कार्यक्रमाच्या ऑनलाइन आवृत्तीत त्या दृश्यांवर आणि वर्णनात माझं व माझ्या चॅनेलचं नाव घालावं, पुनःप्रक्षेपणातही ते दिसावं, आणि झालेल्या वापराचा मोबदला किती देणार ते कळवावं. दहा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.”

मोबदल्याचा भाग नको असेल तर तेवढा गाळा. ‘चोर’, ‘जेल’, ‘पोलीस’ हे शब्द नकोत. कॉपीराइट कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, पण पायाशिवाय धमकी दिली तर समोरचा त्याच कायद्याखाली तुमच्यावर दावा करू शकतो. आणि मुख्य म्हणजे शांत लिहिलेलं ईमेल वरच्या टेबलापर्यंत पोचतं. शिवीगाळीचं खालीच अडकतं.

दहा दिवसांत काहीच आलं नाही तर यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार करता येते. तिथे ताबडतोब काढा म्हणता येतं, किंवा सात दिवसांची मुदत देऊन काढा असंही म्हणता येतं. मी दुसरा पर्याय घेईन. त्या मुदतीत वाहिनीने स्वतःहून व्हिडिओ काढला तर तिच्यावर स्ट्राइक बसत नाही, आणि बहुतेक वेळा फोन त्याच सात दिवसांत येतो. तक्रारीतली माहिती खरी असल्याचं तुम्ही लिहून देता हे लक्षात असू द्या, आणि तुमचं नाव आणि ईमेल समोरच्यांना कळतं. पण नाव घालून घेणं हाच तुमचा हेतू असेल तर व्हिडिओ काढायला लावून तो साधत नाही. म्हणून हे दुसरं पाऊल, पहिलं नव्हे. याच्याही पुढे जायची वेळ आली, तर कॉपीराइट कायद्याखालचा दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, वाहिनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तिथवर जाण्याआधी वकिलाची नोटीस पुरते का ते बघा, आणि पाऊण मिनिटाच्या दृश्यांसाठी किती वर्षं द्यायची तयारी आहे तेही घरी बसून ठरवा. नाही म्हणालात तरी त्यात हार नाही.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नोकरी करणाऱ्या मुलाच्या मागे कोर्टकचेरी लागू नये असं कुठल्याही बापाला वाटेल. त्यांना ते ईमेल वाचून दाखवा. त्यात वैर नाही, मागणी आहे, हे त्यांनाही दिसेल. मित्रांना मात्र थांबवा. वाहिनीच्या पानावर दोनशे जणांनी शिव्या घातल्या की चर्चा शिव्यांची होते, व्हिडिओ बाजूला राहतो. ईमेलला उत्तरच आलं नाही, तर तुम्ही स्वतः तुमच्या चॅनेलवर लिहा : दोन्ही व्हिडिओंची दृश्यं शेजारी शेजारी, तारखा, लिंक आणि ‘मी अमुक तारखेला कळवलं, उत्तर आलेलं नाही’. जे दाखवता येतं तेवढंच लिहा, हेतूंबद्दल काही लिहू नका.

आता थोडं तुमच्याच व्हिडिओबद्दल, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की त्याला एक लोकप्रिय शिवगीत लावलं होतं. ते लावण्याआधी कोणाला विचारलं होतं? गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं वर्णनात आहेत का? त्या गाण्यामुळे तुमच्या दृश्यांवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. पण वाहिनीच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते. आणि त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, जो आग्रह आपण धरतोय तो आपल्या हातूनही पाळला जायला हवा. परवानगी घेता येत नसेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, गडाच्या वाटेवर भेटलेल्या आजोबांनी सांगितलेली बुरुजाची गोष्ट तुम्ही निवेदनात वापरलीत. त्यांचं नाव, त्यांच्या गावाचं नाव व्हिडिओत आहे का? नसेल तर पुढच्या खेपेला त्यांना भेटा, नाव घातलं तर चालेल का ते विचारा आणि वर्णनात घाला.

असेच प्रश्न घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. वासुदेवाचं, गोंधळाचं, जात्यावरच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की सादर करणाऱ्या कलावंताचेही कायद्याने हक्क असतात. नुसता कॅमेरा आपला म्हणून सगळं आपलं होत नाही. अपघात, पूर, दंगल यांचे व्हिडिओ ज्यांच्या हाती लागतात त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे नाव झळकणं धोक्याचं ठरू शकतं. वाहिनीला व्हिडिओ देतानाच ‘माझं नाव देऊ नका’ असं लिहून द्या, आणि वाहिन्यांनीही न विचारता नाव टाकू नये. गडांवर ड्रोन उडवणाऱ्यांनी आधी परवानगीचा कागद शोधावा. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारखे किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर राज्याच्या. परवानगी नसताना घेतलेल्या दृश्यांवरून वाद घालायचा असेल तर पहिलं ईमेल पाठवण्याआधी वकिलाशी बोला. लोगोचं म्हणाल तर तो कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही, सहज पुसला जातो. फिकट अक्षरांत नाव चौकटीच्या मधल्या भागात, दर काही सेकंदांनी जागा बदलत येऊ द्या. चॅनेलच्या माहितीत ‘वापरासाठी इथे विचारा’ असं लिहून ईमेल द्या. डेस्कवरच्या प्रामाणिक माणसालाही पुष्कळदा विचारायचं कोणाला तेच सापडत नाही.

राहिला प्रश्न वाहिनीने मागितलेल्या नव्या फुटेजचा. द्यायला हरकत नाही, पण आधीच्या ईमेलचं उत्तर आल्यावर. त्यांनी एखादा फॉर्म पाठवला आणि त्यात ‘जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असं काही असलं तर सही करू नका. कायद्याने असे हक्क देणं लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि क्षेत्र भारतापुरतं, पण फॉर्ममध्ये ‘कायमस्वरूपी’ लिहिलं की हे संरक्षण गेलं. त्याऐवजी तुम्हीच चार ओळी लिहून पाठवा : ही दृश्यं फक्त अमुक कार्यक्रमासाठी आणि त्याच्या ऑनलाइन आवृत्तीसाठी, दृश्यं पडद्यावर असेपर्यंत माझं आणि चॅनेलचं नाव पट्टीवर, मालकी माझ्याकडे, दुसऱ्या कुठल्याही वापरासाठी पुन्हा विचारणा, मोबदला इतका. ‘मान्य आहे’ असं ईमेलवर येईपर्यंत त्यांना लहान आकाराची, मधोमध नाव असलेली नमुना प्रत दाखवा. मोठी फाइल त्यानंतर.